सापडलेली वस्तू आणि दुसरे शील

पौर्णिमेच्या वंदनेला, नामकरणाला, लग्नाला आणि अंत्यविधीलाही आपण त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. त्यातील दुसऱ्या शीलाचा अर्थ विचारला तर बहुतेक उपासक-उपासिका एका वाक्यात सांगतात की, चोरी करू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु मूळ पाली शब्द चोरीपेक्षा मोठा आहे. अदिन्नादान म्हणजे न दिलेले घेणे. कुलूप तोडले, खिसा कापला, तरच हे शील मोडते असे नाही. इंदापूरच्या एस.टी. स्टँडवर बाकाखाली राहिलेली पिशवी, बारामतीच्या बाजारात पडलेले पाकीट, यातील काहीही मालकाने आपल्याला दिलेले नसते. 'सापडले' हा शब्द उच्चारल्याने वस्तू आपली होत नाही.

इथपर्यंत कोणाचे दुमत होणार नाही. खरी अडचण याच्या पुढे आहे. ती वस्तू उचलावी की नाही? उचलली तर द्यावी कोणाला? मालक म्हणून जो पुढे आला तोच मालक कशावरून? आणि देणाऱ्यावरच आळ आला तर काय करावे? आपल्या वस्त्यांमधील वडीलधारी माणसे मुलांना बजावून सांगतात, "पडलेल्या वस्तूला हात लावू नको, नसती आफत येईल." हे सांगणे भित्रेपणाचे आहे असे मला वाटत नाही. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तथापि तो शेवटचा शब्दही नाही. या प्रश्नाचा विचार खुद्द तथागतांच्या काळात झालेला असून विनयपिटकात त्याची सविस्तर नोंद आहे. आपल्याकडे सुत्तपिटकातील कथा पुष्कळ सांगितल्या जातात; विनय हा भिक्खूंचा विषय म्हणून बाजूला राहतो. या एका बाबतीत तरी उपासकांनी विनय वाचला पाहिजे.

अचिरवतीच्या काठची थैली

भिक्खूंच्या पातिमोक्खात पाचित्तिय नावाचे जे नियम आहेत, त्यांतील ८४ वा नियम मौल्यवान वस्तू उचलण्यासंबंधी आहे. त्याची हकीकत अशी. श्रावस्तीजवळ अचिरवती नदीवर एक भिक्खू स्नान करीत होता. एक ब्राह्मणही तेथे आला, ५०० नाण्यांची थैली काठावर ठेवून त्याने स्नान केले आणि जाताना ती विसरला. त्याची थैली गहाळ होऊ नये एवढ्याच हेतूने भिक्खूने ती उचलून ठेवली. ब्राह्मणाला वाटेत आठवण झाली. तो धावत परत आला व थैली पाहिली काय असे विचारू लागला. भिक्खूने लगेच ती त्याच्या हाती दिली. आता ब्राह्मणाच्या मनात आले की, वस्तू आणून देणाऱ्याला बक्षीस द्यावे लागते, ते कसे चुकवावे? त्याने कांगावा केला की थैलीत ५०० नव्हे, १००० होते. भिक्खूला त्याने अडवून धरले आणि मग सोडले.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही हकीकत आजच्या कोणत्याही पोलीस ठाण्याच्या आवारात घडू शकेल. भिक्खूचा हेतू शुद्ध होता, वस्तू पूर्ण परत गेली होती, तरीही तो अडचणीत आला. कारण थैलीत किती होते हे दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हते आणि त्यातील एक जण खोटे बोलत होता. ही गोष्ट संघात कळली तेव्हा मौल्यवान वस्तू भिक्खूने उचलू नये असा नियम झाला. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांचाच सल्ला म्हणा ना!

परंतु नियम तेवढ्यावर थांबला नाही. पुढे श्रावस्तीत उत्सव होता. विशाखा महाउपासिका दागिने घालून निघाली, पण उद्यानात न जाता ती भगवंतांच्या दर्शनास आली. आत जाण्यापूर्वी तिने अंगावरचे दागिने उतरवून गाठोडे बांधून दासीकडे दिले. धम्म श्रवण करून दोघी परतल्या आणि गाठोडे विहारात राहिले. भिक्खूंना ते दिसले. नियमानुसार हात लावायचा नाही, आणि सोडावे तर दुसरा कोणी नेईल. भगवंतांना विचारले असता त्यांनी ते उचलून ठेवण्यास सांगितले. विहाराच्या आवारात सापडलेली वस्तू उचलून ठेवावी, अशी सुधारणा नियमात झाली.

तिसरा प्रसंग काशी प्रदेशातील आहे. अनाथपिंडिकाच्या तेथील गावी त्याच्या माणसाने भिक्खूंना भोजन दिले आणि बोटातील अंगठी काढून ठेवून तो कामावर निघून गेला. अंगठी तेथेच राहिली. उचलावी तर नियम आड येतो, सोडून जावे तर ती नाहीशी होईल, म्हणून ते भिक्खू बिचारे तेथेच राखण करीत बसून राहिले! तो माणूस कामावरून परत आल्यावर हे उघडकीस आले. त्यानंतर, जेथे आपला मुक्काम आहे त्या जागेतही वस्तू उचलून ठेवावी, अशी दुसरी सुधारणा झाली.

या तीन टप्प्यांकडे नीट पाहावे. पहिला नियम आळ आल्यामुळे झाला, पण तथागतांनी भीतीला नियमाचे रूप देऊन विषय संपवला नाही. आपल्या दारात, आपल्या आवारात दुसऱ्याची वस्तू नष्ट होत असताना तटस्थ राहणे योग्य नव्हे, हे दोन सुधारणांनी सांगितले. त्याबरोबर कार्यपद्धतीही घालून दिली. वस्तू कशी दिसते आणि तिच्यावर काय खूण आहे हे उचलणाऱ्याने लक्षात ठेवावे. ज्याची वस्तू हरवली असेल त्याने यावे असे जाहीर करावे. कोणी आला तर वस्तू आधी दाखवू नये. कशी होती, हे त्यालाच विचारावे. वर्णन किंवा खूण जुळली तर द्यावी, न जुळल्यास आणखी शोध घ्या असे सांगून परत पाठवावे. आणि भिक्खूला तो मुक्काम सोडून जायचे असेल तर तेथील योग्य भिक्खूंच्या हाती आणि तसे भिक्खू नसतील तर योग्य गृहस्थांच्या हाती ती सोपवावी.

अट्ठकथेत अदिन्नादानाची पाच अंगे सांगितली आहेत : वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असणे, ती तशी आहे हे माहीत असणे, चोरण्याचे चित्त, त्यासाठी प्रयत्न आणि वस्तू हलवणे. परत देण्यासाठी वस्तू उचलणाऱ्याकडे तिसरे अंगच नसते, म्हणून त्याचे शील मोडत नाही. मात्र चित्त बदलायला वेळ लागत नाही. सकाळी परत देण्यासाठी उचललेले पाकीट संध्याकाळपर्यंत 'कोणी आले नाही' म्हणून आपले वाटू लागते, आणि चार दिवसांनी विचारायला आलेला माणूस आगंतुक वाटतो. याकरिताच जाहीर करण्याचे काम लगेच करायचे असते.

येथे एक फरकही ध्यानात घ्यावा. टाकून दिलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू एक नव्हे. भिक्खू पूर्वी स्मशानात व उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्यांची चीवरे करीत, त्यात अदिन्नादान नव्हते. आज पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या आपल्या अनेक भगिनी हेच जाणतात. १९९३ साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. रद्दीचा कागद त्यांच्या हक्काचा, पण कचऱ्यात चुकून आलेला दागिना टाकलेला नसून हरवलेला असतो, म्हणून तो घर शोधून परत केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. ज्यांच्या घरी संध्याकाळच्या पिठाची विवंचना असते त्यांना हा भेद कळतो.

कायदा काय सांगतो

विनय आणि देशाचा कायदा या बाबतीत बरेच जवळ येतात. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७१ प्रमाणे, ज्याने सापडलेली वस्तू ताब्यात घेतली, त्याची जबाबदारी विश्वासाने ठेवायला घेतलेल्या वस्तूच्या राखणदाराएवढी असते. रस्त्यात पडलेली वस्तू उचललीच पाहिजे असे हे कलम म्हणत नाही. पण एकदा उचलली की, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी घ्यावी लागते. उचलून दोन दिवसांनी कंटाळा आला म्हणून पुन्हा रस्त्यावर ठेवून देता येत नाही.

याच कायद्याच्या कलम १६८ मध्ये सापडणाऱ्याचे हक्क दिले आहेत. मालकाने ठराविक बक्षीस जाहीर केले असेल तर ते मागण्यासाठी दावा करता येतो. जाहीर केले नसेल, तर वस्तू सांभाळण्यास व मालक शोधण्यास झालेल्या त्रासाबद्दल आणि खर्चाबद्दल दावा लावता येत नाही. तथापि ती भरपाई मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. कलम १६९ प्रमाणे विक्रीचा अधिकार फार थोड्या वेळा मिळतो. मुळात ती वस्तू बाजारात सामान्यतः विकली जाणारी असावी लागते. मालक योग्य प्रयत्न करूनही सापडत नसला पाहिजे, किंवा सापडूनही रास्त खर्च देण्यास नकार देत असला पाहिजे. शिवाय वस्तू नासण्याच्या किंवा तिची बहुतेक किंमत जाण्याच्या बेतात असावी, नाहीतर खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशापर्यंत पोचलेला असावा.

फौजदारी बाजू अधिक कडक आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ ने घेतली आहे. पूर्वी या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती, म्हणजे नुसत्या दंडावर सुटका होऊ शकत असे. आता किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे कैद आणि शिवाय दंड आहे. कोणाचा आहे हे न कळता रस्त्यावरचा रुपया उचलला तर तो गुन्हा नव्हे; पण मौल्यवान अंगठी सापडली आणि मालक शोधण्याचा काहीही प्रयत्न न करता लगेच विकली तर तो गुन्हा आहे. ही उदाहरणे कायद्यातच दिलेली आहेत. पाकीट कोणाचे ते प्रथम माहीत नव्हते, नंतर कळले, आणि तरी पैसे वापरले, तर कळल्यानंतरचा वापर हा गुन्हा ठरतो.

बँकेच्या खात्यात चुकून जमा झालेली रक्कमही या चर्चेत घेतली पाहिजे. करार अधिनियमाच्या कलम ७२ प्रमाणे चुकीने मिळालेले पैसे परत करावेच लागतात. "देवाने दिले", "सरकारने टाकले" ही समजूत कोर्टात टिकत नाही.

जमिनीत पुरलेले धन हा आणखी निराळा विषय. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास कलेक्टरला लेखी कळवणे बंधनकारक आहे. घराचा पाया खणताना किंवा विहिरीच्या कामावर असे काही निघाले तर मजुरांनी आपसात वाटून घेऊ नये. कळवणाऱ्याचे नुकसान होत नाही. ठेवा बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाशी दुसरा काही करार नसेल तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा असतो. लपवणाऱ्याला मात्र वाटाही नाही आणि शिक्षाही होते.

आपल्या तालुक्यांत

आपला भाग रहदारीचा आहे. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण, पळसदेव, इंदापूरवरून जातो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथील कारखान्यांच्या हंगामात बीड-अहिल्यानगरकडील टोळ्या येतात. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतीय कामगार आहेत. वस्तू हरवणारा बहुधा परगावचा असतो, हा आपल्याकडचा विशेष. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून काम भागत नाही.

ऊसतोड कामगाराचे गाठोडे रस्त्यात सापडले तर ते कोणत्या कारखान्याच्या टोळीचे आहे हे चिटबॉय किंवा शेतकी विभागाचा कर्मचारी सांगू शकतो. मुकादमाच्या हाती परस्पर देण्यापूर्वी मात्र विचार करावा. ज्या कुटुंबावर उचलीची बाकी आहे त्याचे पैसे मुकादमाने 'हिशेबात' धरून ठेवले तर आपण वस्तू परत केली असे होणार नाही. कारखान्याच्या कार्यालयात नोंद करून, त्या कुटुंबातील माणसाला, शक्यतो घरच्या बाईलाही समोर बोलावून द्यावी. वारकऱ्याची पिशवी असेल तर दिंडीचा क्रमांक आणि ती रथापुढची की रथामागची एवढे कळले तरी माणूस सापडतो. आपली श्रद्धा वेगळी असली तरी त्या माऊलीचे औषध आणि परतीचे भाडे त्या पिशवीत असते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपलेही माणूस असेच परमुलखात असते.

एस.टी.त वस्तू सापडल्यास वाहकाकडे द्यावी आणि गाडीचा क्रमांक, मार्ग व वेळ टिपून ठेवावी. ती आगारात वाहतूक नियंत्रकाकडे जमा होते. रेल्वेची असेल तर स्टेशन मास्तर. भटकी शेळी कळपात आली तर ती तिच्या चाऱ्याच्या खर्चासह सांभाळावी, विकू नये. गुरांनी पिकाचे नुकसान केले म्हणून धरली असतील तर १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याप्रमाणे २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावी लागतात.

महामार्गावरील अपघाताबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या महामार्गालगतच्या वस्त्यांमधील तरुण सर्वांत आधी धावून जातात. जखमींना मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ घालून संरक्षण दिले आहे. हे संरक्षण जखमीला केलेल्या मदतीपुरते आहे, त्याच्या वस्तूंच्या जबाबदारीतून ते सोडवत नाही. मृताच्या अंगावरील किंवा जवळील वस्तू लांबवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१५ खाली अधिक गंभीर गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून एकाने जखमी पाहावा आणि दुसऱ्या दोघांनी मिळून सामान. एकट्याने कोणाच्या गळ्यातील साखळी 'सुरक्षित ठेवण्यासाठी' काढू नये. सामान पोलिसांना किंवा १०८ च्या रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना देताना काय दिले ते मोठ्याने म्हणून, सर्वांसमोर द्यावे. फोन वाजत असेल तर तो घेऊन नातेवाइकांना रुग्णालयाचे नाव सांगणे हीही वस्तू परत करण्यासारखीच सेवा आहे.

आळ कोणावर येतो

आता जो मुद्दा इतर ठिकाणच्या लेखांत सहसा येत नाही तो. हरवलेली वस्तू परत करायला गेल्यावर "ही तुझ्याकडे कशी?" हा पहिला प्रश्न सर्वांना सारखा विचारला जात नाही. आडनाव आणि वस्ती पाहून त्याचा सूर बदलतो. आपल्याच पूर्वजांनी वतनदार महार म्हणून सरकारी खजिन्याची ने-आण केली, गावची राखण केली, वेशीवर जागले. तो पैसा त्यांच्या हाती विश्वासाने दिला जाई आणि त्याच हातांचे पाणी मात्र चालत नसे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले तेव्हा या राबणुकीची सर्व बाजू मांडली. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. पारधी बांधवांची स्थिती तर याहून कठीण. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय पूर्ण गेलेला नाही.

याचा अर्थ आपण वस्तू पाहून तोंड फिरवावे असा मी घेत नाही. अचिरवतीच्या काठचा भिक्खूही संशयात सापडलाच होता आणि त्यावर संघाने काढलेला मार्ग होता पद्धतीचा. आपल्या माणसाने ही पद्धत इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळावी, कारण चुकीची किंमत त्याला अधिक द्यावी लागते. वस्तू उचलताच जवळच्या दोघांना हाक मारावी. त्यातील एक शक्यतो वस्तीबाहेरचा, दुकानदार, शिक्षक किंवा रिक्षावाला असावा. पाकिटावर नाव-पत्ता बाहेरून दिसत असेल तर उघडू नये. उघडावेच लागले तर सर्वांसमोर उघडून रक्कम मोजावी, कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. पोलीस ठाण्यात एकट्याने, विशेषतः एकट्या भगिनीने किंवा अल्पवयीन मुलाने जाऊ नये. मंडळाचा एक पदाधिकारी बरोबर असावा. ठाणे दैनंदिनीत नोंद झाली का ते विचारावे आणि पोहोच घेतल्याशिवाय वस्तू सोडू नये. बेवारस मालमत्ता ताब्यात घेणे हे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ प्रमाणे पोलिसांचे काम आहे, आपण त्यांच्यावर उपकार मागत नाही.

काही वस्तूंना मात्र खरोखरच हात लावू नये. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यात जर्मन बेकरीत बेवारस पिशवीत स्फोट होऊन १७ जणांचे प्राण गेले. गर्दीच्या जागी कोणाचीही नसलेली बॅग दिसल्यास लोकांना दूर करून ११२ क्रमांकावर कळवावे. उसाच्या फडात उभी करून ठेवलेली मोटारसायकल, तारेचे भेंडोळे, पंपाची मोटर या वस्तू हरवलेल्या नसून चोरून लपवलेल्या असण्याचा संभव अधिक. त्या घरी आणल्या तर चोरीचा माल बाळगल्याचा संशय येतो. जागा दाखवावी, वस्तू हलवू नये.

नव्या काळातील धोके वेगळे आहेत. सापडलेल्या वस्तूचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकण्याची घाई होते. फोटोत सर्व खुणा दिसल्या की खोट्या मालकाला वर्णन करणे सोपे जाते, आणि विनयातील पद्धतच मोडते. एवढेच लिहावे की अमुक भागात एक पाकीट सापडले आहे, ओळख पटवून न्यावे. रंग, रक्कम, आतील फोटो, पावती यांतले काही सांगू नये. आधार कार्ड किंवा जातीचा दाखला सापडला तर त्याचा फोटो कधीच फिरवू नये. मोबाइल असेल तर मालकाच्या घरच्यांचा फोन येण्याची वाट पाहावी, आत शिरून चाळू नये. न आल्यास पोलीस ठाणे.

पैशाच्या व्यवहारात तर परत करणाऱ्याच्याच प्रामाणिकपणाचा सापळा करतात. "तुमच्या खात्यावर चुकून पैसे आले, ताई, दवाखान्याचे आहेत, या नंबरवर परत पाठवा" असा फोन येतो. पुष्कळदा पैसे आलेलेच नसतात, फक्त खोटा संदेश असतो. कधी आलेले असतात, पण दुसऱ्या कोणाला फसवून आपल्या खात्यातून पुढे ढकलायचे असतात. फोनवरून परतफेड करू नये. बँकेत जाऊन लेखी कळवावे व ज्या खात्यातून आले तेथेच बँकेमार्फत परत करावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

बक्षिसाविषयी

२०१९ च्या दिवाळीत आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील दहिवडीच्या बसथांब्यावर माण तालुक्यातील एका मजुराला नोटांचे बंडल सापडले. आजूबाजूला विचारपूस केल्यावर त्याला एक माणूस कासावीस होऊन काही शोधताना दिसला. रक्कम ४०,००० रुपये होती आणि त्या माणसाच्या पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी होती. त्याने १,००० रुपये बक्षीस देऊ केले. मजुराने फक्त सात रुपये घेतले. गावचे भाडे १० रुपये होते आणि त्याच्या खिशात तीनच रुपये होते.

या बातमीचे पुष्कळ कौतुक झाले, आणि ते योग्यच. पण गरिबाने बक्षीस घेतले तर त्याचा प्रामाणिकपणा कमी होतो, असा अर्थ कोणी काढू नये. बुडालेली मजुरी, भाडे, सांभाळण्याचा खर्च घेणे कायद्याला मान्य आहे आणि शीलाला त्याने बाधा येत नाही, कारण ते मालकाने दिलेले असते. आधी रक्कम ठरवून मगच वस्तू दाखवणे मात्र सौदा होईल. मालकांनाही सांगितले पाहिजे : वस्तू मिळताच ती समोरच तपासावी, मोजावी, पूर्ण मिळाली असे लिहून द्यावे. बक्षीस न जमल्यास हरकत नाही. घरी गेल्यावर "थोडे कमीच होते" असे चारचौघांत म्हणणे हे अचिरवतीच्या काठच्या ब्राह्मणाचे काम आहे.

प्रत्येक बुद्धविहारात एक 'सापडलेल्या वस्तूंची नोंदवही' असावी असे सुचवावेसे वाटते. विहाराचे आवार हे विनयाप्रमाणेही आपल्या जबाबदारीचेच क्षेत्र आहे. वर्षावासात, जयंतीला, धम्म परिषदेला तेथे चष्म्यापासून मंगळसूत्रापर्यंत सर्व काही राहते. वही दोन पदाधिकाऱ्यांच्या ताब्यात असावी, रोख व दागिना ७ दिवसांपेक्षा अधिक विहारात न ठेवता पोलीस ठाण्यात जमा करावा, आणि पदाधिकारी बदलल्यास वही व वस्तू सह्यांनिशी पुढच्यांकडे सोपवाव्यात. मुक्काम सोडणाऱ्या भिक्खूला हेच सांगितले आहे. नोंदीचा नमुना खाली देत आहे. सोईप्रमाणे फेरफार करून घ्यावा.

"आज दिनांक ......... रोजी ......... वाजता ......... या ठिकाणी श्री./श्रीमती ......... यांस ......... ही वस्तू सापडली. ती साक्षीदार (१) ......... व (२) ......... यांच्यासमक्ष पाहिली/मोजली. रक्कम असल्यास अंकी ......... अक्षरी .......... ओळखीच्या खुणा स्वतंत्र पाकिटात लिहून सीलबंद केल्या आहेत. दिनांक ......... रोजी श्री./श्रीमती ......... राहणार ......... यांनी सांगितलेल्या खुणा सदर पाकीट त्यांच्यासमक्ष उघडून ताडून पाहता जुळल्या. वस्तू पूर्ण व सुस्थितीत मिळाली, माझी काही तक्रार नाही. मालकाची सही/अंगठा. सापडणाऱ्याची सही/अंगठा. झालेला खर्च दिल्यास रुपये .......... साक्षीदारांच्या सह्या."